सोळा महिन्यांची टाळेबंदी : मिनेसोटा वाद्यवृंदाचा मागोवा

कीर्तीच्या शिखरावर असलेली एखादी संस्था आपल्याच कारभाऱ्यांच्या हुकमाने मुकी व्हावी, आणि ज्यांच्या कलेसाठी ती अस्तित्वात आली त्या कलावंतांनाच तिच्या दारातून परत फिरावे लागावे, असा प्रसंग संगीताच्या इतिहासात विरळा. परंतु अमेरिकेतील मिनेसोटा वाद्यवृंदाच्या वाट्याला तो १ ऑक्टोबर २०१२ रोजी आला. त्या घटनेस आता दशकाहून अधिक काळ लोटला असून, तेव्हाची कटुता बरीचशी निवळल्यामुळे तिची कारणपरंपरा शांत चित्ताने तपासणे शक्य झाले आहे.

गव्हाच्या व्यापारावर आणि पिठाच्या गिरण्यांवर पोसलेल्या मिनियापोलिस नगरात १९०३ साली एमिल ओबरहोफर यांच्या नेतृत्वाखाली हा वृंद उभा राहिला. न्यूयॉर्क, बॉस्टन या सांस्कृतिक राजधान्यांपासून तो दूर होता खरा. तथापि युजीन ऑर्मंडी, दिमित्री मित्रोपुलोस, अंताल दोराती यांच्यासारखे संचालक त्यास लाभले, आणि मित्रोपुलोस यांच्या कारकिर्दीत, १९४० साली, माहलरच्या पहिल्या सिंफनीचे पहिले ध्वनिमुद्रण करण्याचा मान त्याने मिळविला. १९६८ मध्ये त्याने राज्याचे नाव धारण केले. १९७४ मध्ये त्यास स्वतःचे सभागृह मिळाले. पुढे २००३ साली फिनलंडचे ऑस्मो व्हान्स्का संगीतसंचालक झाले, बेथोव्हेनच्या नवही सिंफनींचे ध्वनिमुद्रण पार पडले, आणि २०१० साली कार्नेगी हॉलमधील वादन ऐकून ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या समीक्षकाने त्या एका रात्रीपुरते का होईना, जगातील श्रेष्ठतम वृंदाचे स्थान त्यास दिले.

मग विपत्ती आली कोठून? तिचे बीज सिंफनीच्या स्वभावातच आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले होते की, कारखान्यात यंत्राच्या साह्याने थोड्या हातांकडून अधिक माल निघतो व त्या बळावर वेतन वाढते. परंतु बेथोव्हेनची सिंफनी वाजविण्यास त्याच्या हयातीत जितके वादक आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो, आणि वादकाचे वेतन मात्र समाजातील इतरांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. म्हणून जमा आणि खर्च यांतील दरी तिकीटविक्रीने कधीच बुजत नाही. ती दात्यांच्या औदार्याने आणि कायम निधीच्या व्याजाने भरावी लागते. त्याच वर्षी फोर्ड प्रतिष्ठानाने ६१ वाद्यवृंदांना सुमारे ८ कोटी डॉलरांचे साह्य दिले. त्यामुळे वादकांना बारमाही नोकरी देण्याच्या प्रथेस बळ मिळाले, आणि त्याबरोबर बारमाही खर्चही आला.

२००८ च्या मंदीने निधींचे मूल्य घटविले, तेव्हा मिनेसोटाच्या विश्वस्तांपुढील अडचण खरी होती, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. २०१२ ची तूट ६० लाख डॉलरांची होती. पण त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्ची पडत होते, आणि वादकांपुढे ठेवलेल्या करारनाम्यात त्यांचे सरासरी वार्षिक वेतन १,३५,००० डॉलरांवरून ८९,००० वर आणण्याचे कलम होते. वादनासाठी दिलेले दान आणि वास्तूसाठी दिलेले दान यांचे हिशेब वेगळे असतात, हे कारभाऱ्यांचे म्हणणे ताळेबंदाच्या दृष्टीने बिनचूक असेल. परंतु ज्या वादकाचे वेतन तृतीयांशाने घटणार होते, त्याला नूतनीकृत सभागृहाची शोभा काय म्हणून पटावी?

वादकांनी प्रस्ताव नाकारला आणि टाळे लागले. सोळा महिने ते राहिले. कित्येक कसलेले वादक अन्य वृंदांत निघून गेले. उरलेल्यांनी स्वतःच मैफली भरविल्या, आणि श्रोत्यांनी आपल्या संघटना उभारल्या. कार्नेगी हॉलचे कार्यक्रम रद्द होताच, १ ऑक्टोबर २०१३ रोजी, व्हान्स्का यांनी राजीनामा दिला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये १५ टक्के वेतनकपातीवर तडजोड झाली. सिबेलियसच्या सिंफनींच्या ध्वनिमुद्रणास ग्रॅमी पुरस्कार मिळाला तोही त्याच महिन्यात, टाळे प्रत्यक्ष निघण्याच्या आधी.

त्यानंतरचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. मुख्याधिकारी पायउतार झाले, व्हान्स्का परतले, आणि नवे मुख्याधिकारी केव्हिन स्मिथ यांच्या अमदानीत वादकांना कारभाराच्या समित्यांत स्थान मिळाले. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिका-क्यूबा सलोख्याची घोषणा झाली, आणि पाच महिन्यांत हा वृंद हवानात वाजवीत होता. २०१८ साली, नेल्सन मंडेलांच्या जन्मशताब्दीत, तो दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोच्या रेजिना मुंडी चर्चमध्ये पोहोचला. परस्परांवर अविश्वास असलेल्या माणसांकडून एवढी तत्परता संभवली नसती.

तूट मात्र पुढेही येत राहिली, आणि ती येणारच. म्हणूनच तूट कायमची नाहीशी करण्याचे वचन देणारा कारभारी सिंफनी वाद्यवृंदास घातक ठरतो. कारण ते वचन पाळण्याचा त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वाद्यवृंदच लहान करीत जाणे. खरा नेता दरवर्षीची तूट वादकांपुढे आणि नगरवासीयांपुढे उघडपणे मांडतो, आणि ती भरून काढण्याजोगे काय ऐकावयास मिळते हे पटवून देतो. शंभर वर्षांत जमलेले सूरसाहचर्य एकदा पांगले, तर ते कोणत्याही निधीतून पुन्हा विकत घेता येत नाही. ते सांभाळणे हेच विश्वस्तांचे पहिले कर्तव्य होय.