ठिणगी केव्हां पडावी?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एका वीतभर नळीनें मोठा वाद माजविला. कैलासवासी वडील बंधूंची पेट्रोलवर चालणारी जुनी अँबॅसडर वहिनींनीं आजवर जपून ठेविली आहे. त्यांस घेऊन अक्कलकोटास जातांना वाटेंत तिचें पाणी उकळलें. पेट्रोलही पूर्वीपेक्षां अधिक जळूं लागलें होतें. "आतां ती विकून टाकावी," असें घरांतील निम्म्या मंडळींचें मत पडलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांचा चेहरा उतरला.

पुतण्या म्हणाला, "काका, डिस्ट्रिब्यूटरची नळी कार्बुरेटरवरून काढून मॅनिफोल्डला लावूं या, एंजिन थंड राहील." आमचे वृद्ध कारागीर म्हणाले, "मास्तर, मूळची जागा सोडूं नका." निवाडा मजकडे आला. तो देण्यापूर्वीं मीं विषय समजून घेतला. वाचकांसही तो उपयोगी पडेल.

सिलिंडरांतील पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ठिणगी पडतांच एकदम जळत नाहीं. ज्वाला पसरण्यास कांहीं काळ लागतो. मिनिटास 3000 फेरे घेणारें एंजिन एक अंश फिरण्यास सेकंदाचा अवघा 18000 वा भाग घेतें. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते. वेग वाढला म्हणजे ती आणखी आधीं पडावी, ही तजवीज डिस्ट्रिब्यूटरमधील फिरतीं वजनें करितात. परंतु वेगाखेरीज भाराचाही विचार हवा. पाय हलका असतां सिलिंडरांत मिश्रण विरळ भरतें. विरळ रचलेल्या काटक्यांप्रमाणें तें सावकाश पेटतें, म्हणून ठिणगी लवकर हवी. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला कीं मिश्रण दाट भरून झपाट्यानें जळतें. तेव्हां ठिणगी फार लवकर पडल्यास एंजिन खडखडूं लागतें व दट्ट्यांस इजा पोंचते.

हा भार ओळखण्याचें साधन म्हणजे एंजिनाची हवा ओढण्याची शक्ति. कारागीर तिला व्हॅक्यूम म्हणतात. थ्रॉटल मिटत आला असतां ती पुष्कळ, पूर्ण उघडला असतां जवळजवळ शून्य. डिस्ट्रिब्यूटरच्या डबींतील पातळ पडदा नळीवाटें ही ओढ घेऊन ठिणगीची वेळ आधीं सरकवितो. ही युक्ति जुनीच आहे. सोलापुरांत 1882 सालीं जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत 1947 पासून जुळविलेल्या डॉज व प्लिमथ मोटारींतही अशी नळी असे.

आतां मुख्य प्रश्न. मॅनिफोल्ड थ्रॉटलच्या झडपेपलीकडे, एंजिनाच्या बाजूस. गाडी उभी असून एंजिन मंद चालू असलें तरी तेथें पूर्ण ओढ असते. कार्बुरेटरवरील छिद्र मिटलेल्या झडपेच्या किंचित् वर असतें. तेथें उभ्या गाडींत ओढ नसते, पाय देतांच येते. रस्त्यावर धांवतांना मात्र दोन्हीं जागीं ती जवळजवळ सारखीच! मॅनिफोल्डला नळी लावल्यास मंद चालींतही ठिणगी लवकर पडून उभ्या गाडीचें एंजिन कमी तापतें, एवढें पुतण्याचें म्हणणें खरें. 1970 नंतरच्या दशकांत कित्येक अमेरिकन मोटारींत पाणी तापतांच मॅनिफोल्डची ओढ आपोआप जोडणारी झडपही असे. परंतु जागा बदलली कीं मंद चालीचा वेग वाढतो, कार्बुरेटर नव्यानें जुळवावा लागतो, आणि पडद्यामागील स्प्रिंग त्या ओढीस जुळणारी नसेल तर एंजिनाची चाल डळमळते.

येथेंच मला उत्तर सांपडलें. आमची गाडी तापली ती धांवतांना, म्हणजे दोन्हीं जागा जेथें समान तेथें. मग दोष जागेचा कसा? मीं नळीचें कार्बुरेटरकडील टोक सोडवून तोंडांत धरिलें व ओढून पाहिलें. पडदा धड असता तर ओढ टिकली असती. येथें वारा सरळ आंत आला. पडदा फाटला होता! उभय पक्ष भांडत होते तें फाटक्या फुप्फुसास श्वास कोठून द्यावा याविषयीं.

नवा पडदा बसविला. नळी काढून, कार्बुरेटरवरील छिद्र बुजवून मूळ वेळ जुळविली, आणि नळी पूर्वीच्याच जागीं लाविली. पुतण्यानें हें सर्व स्वतःच्या हातांनीं केलें, कारागीर शेजारीं उभे होते.

ज्येष्ठांत आम्ही पुन्हा अक्कलकोटास गेलों. पाणी उकळलें नाहीं, पेट्रोलही कमी लागलें. वहिनी पुढच्या आसनावर बसल्या होत्या. गाडी विकण्याची गोष्ट त्यानंतर कोणीं काढिली नाहीं. ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांनीं नळीची जागा बदलण्यापूर्वीं ती एकदां तोंडानें ओढून पाहावी. या परीक्षेस पैसा पडत नाहीं.