गावचे धन गावात, गावचे पाणी शिवारात

बेट म्हटले की चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. वर्धा जिल्ह्यास समुद्र नाही. तथापि कारंजा, आर्वी व आष्टी या तालुक्यांतील डोंगरपायथ्याच्या एखाद्या लहान गावी जो ऐन श्रावणात गेला असेल, त्यास बेट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. नाल्यास पूर आला की वाट बंद होते. दूध घरात राहते, भाजी शेतात राहते आणि दुकानातील तेलमीठ संपत येते. बाजार दूर असल्याने तेथे जाणाऱ्या मालास भाव कमी मिळतो आणि तेथून येणाऱ्या मालास दाम अधिक पडतो. अशा गावाने आपली उपजीविका टिकवावी कशी, आणि ती टिकवीत असता माती, पाणी व रान यांचा नाश होऊ नये यासाठी धोरण कोणते असावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

खऱ्या बेटावरील एक उदाहरण

डेन्मार्क देशात साम्सो नावाचे एक बेट आहे. तेथील लोकवस्ती सुमारे चार हजार असून शेती हा मुख्य व्यवसाय आहे. १९९७ साली त्या देशाच्या सरकारने हे बेट केवळ वारा, ऊन व शेतातील काडीकचरा यांच्या ऊर्जेवर चालावे यासाठी निवडले. पुढे बेटावर अकरा व लगतच्या समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गव्हाचे काड जाळून घरे उबदार ठेवण्याची सामाईक व्यवस्था झाली. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या पवनचक्क्यांपैकी अनेकींचे भागधारक बेटावरील शेतकरी व रहिवासीच होते. पूर्वी तेल व कोळसा यांसाठी बेटाबाहेर जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग त्यामुळे बेटावरच राहू लागला. वारा तर सर्वत्रच वाहतो; परंतु त्याची मालकी कोणाची, यावर गावाचे भले अवलंबून असते.

मगनवाडीचा विचार

हा विचार वर्ध्यास नवा नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्धा येथे झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचे कार्य सुरू झाले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशापालन, गूळ, साबण अशा उद्योगांचे प्रयोग तेथे झाले. १९३८ साली मगन संग्रहालय उघडण्यात आले.

कुमारप्पांनी निसर्गातील संपत्तीचे दोन प्रकार मानले. खाणीतील कोळसा व भूगर्भातील तेल ही साठ्याची संपत्ती. ती वापरली की संपते. ऊन, वारा, वाहते पाणी, गवत व झाडे ही प्रवाहाची संपत्ती. ती जपून वापरल्यास वर्षानुवर्षे पुरते. गावाचा संसार शक्य तितका प्रवाहावर चालावा, असा त्यांचा आग्रह होता. रॉकेलऐवजी गावच्या तेलबियांच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हे त्या आग्रहाचेच फळ.

मगनदीप आज घरोघरी दिसत नाही. विजेपुढे तो टिकला नाही, आणि गिरणीच्या तेलापुढे गावोगावच्या अनेक घाणीही बंद पडल्या. म्हणून जुनी साधने जशीच्या तशी परत आणावीत असे येथे सुचवावयाचे नाही. साधने बदलतात, तत्त्व मात्र तपासून पाहण्याजोगे असते. मगनवाडीतच २००८ पासून कार्य करीत असलेली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ग्रामोद्योगांस नव्या तंत्रज्ञानाची जोड देण्याचेच काम करीत आहे.

कापसाचा जमाखर्च

हे तत्त्व आपल्या नित्याच्या पिकास लावून पाहू. एक क्विंटल कापसाची सरकी वेगळी केली असता साधारणपणे एक-तृतीयांश रुई निघते. उरलेल्यात बहुतांशी सरकी असते. रुईचा धागा हा मुख्यतः हवा, ऊन व पाणी यांच्यापासून झालेला असतो. त्यातून जमिनीतील नत्र, स्फुरद व पालाश फारसे बाहेर जात नाही. जमिनीचा खरा कस जातो तो सरकीबरोबर. म्हणजे रुई विकणे हे जमिनीचे व्याज विकण्यासारखे आहे, तर सरकी विकणे हे मुद्दल विकण्यासारखे होय.

आपण मात्र संपूर्ण कापूस गावाबाहेर पाठवितो. पुढे त्याच सरकीची ढेप जनावरांसाठी दुकानातून विकत आणतो आणि जमिनीचा गेलेला कस भरून काढण्यासाठी रासायनिक खताच्या गोण्या आणतो. ढेप गाईबैलांच्या पोटात, शेण खड्ड्यात आणि खत शेतात, असे चक्र पूर्ण झाले तर गावाचा पैसाही वाचतो आणि जमिनीचे मुद्दलही शाबूत राहते. काही गावांनी एकत्र येऊन रेचा व तेलघाणी चालविण्याचा विचार करावा, तो याच कारणास्तव. अर्थात भांडवल, वीज व बाजारभाव यांचा हिशेब आधी मांडूनच असे काम हाती घ्यावे.

पाणी अडविणे हीच पहिली ठेव

प्रवाहाच्या संपत्तीत पाणी हे श्रेष्ठ. आपल्याकडे पाऊस कमी पडतो असे नव्हे. परंतु काळ्या दगडाच्या उतारावरून तो थांबत नाही. आर्वी तालुक्यातील काकडदरा या आदिवासी वस्तीच्या लहान गावाने २०१७ साली श्रमदानाने समतल चर, बांधबंदिस्ती व दगडी बांध यांची कामे केली. पाणलोट विकासाच्या राज्यव्यापी वॉटर कप स्पर्धेत त्या वर्षी या गावास पहिले पारितोषिक मिळाले. ऐन उन्हाळ्यातील पंचेचाळीस दिवसांचे हे काम होते. जे गाव मोठ्या रस्त्यापासून दूर, तेथेही माणसांची एकजूट हे भांडवल असते, हे काकडदऱ्याने दाखवून दिले. परंतु चर भरून येतात व बांध फुटतात. म्हणून केलेल्या कामाची दर उन्हाळ्यात डागडुजी होणे अगत्याचे आहे.

गवळाऊ गाय आणि चराईचा प्रश्न

वर्धा जिल्ह्याच्या डोंगराळ भागाची ओळख असलेली गवळाऊ ही गाय डोंगरातील गवतावर जगते. तिचे दूध संकरित गाईइतके नसते. परंतु ती काटक आहे, आणि तिचा बैल चढउताराच्या वाटेवर वेगाने चालतो. नंदगवळी समाजाने पिढ्यानपिढ्या हे पशुधन जोपासले. त्या घरांची मिळकत रानावर अवलंबून आहे. दुसरीकडे, रानाचे रक्षण होणेही तितकेच आवश्यक आहे. २०१४ साली बोर अभयारण्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ जपावयाचा तर रान जपले पाहिजे, आणि रान बंद झाले तर गोठा रिकामा होतो, असा हा पेच आहे.

या पेचास सोपे उत्तर नाही. अनिर्बंध चराईने गवताची मुळेच नष्ट होतात, हे गुराख्याने मान्य केले पाहिजे. ज्याने ते रान पिढ्यानपिढ्या राखले त्यास न विचारता आखलेले धोरण कागदावरच राहते, हे अधिकाऱ्याने मान्य केले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मानला असून त्याचबरोबर वन व वन्यजीव यांच्या रक्षणाचे कर्तव्यही ग्रामसभेवर सोपविले आहे. आदिवासी नसलेल्या कुटुंबांस मात्र पंचाहत्तर वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून वडीलधाऱ्यांच्या साक्षी व जुनी कागदपत्रे वेळीच गोळा करून ठेवावीत.

हक्क व कर्तव्य एकत्र नांदू शकतात याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा बांबूची वाहतूक स्वतःच्या परवान्याने करू लागली. बांबू तोच व रानही तेच. परंतु विक्रीचा निर्णय व पैसा गावाच्या हाती आला. गवळाऊच्या कुरणांसाठीही याच धर्तीवर पाळीपाळीने रान बंद व खुले ठेवण्याचा विचार ग्रामसभांनी वन विभागाबरोबर बसून करावा.

नावाचेही मोल असते

समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मातीत पिकलेल्या हळदीसच ते नाव वापरता येते. परंतु ओली हळद गाडीत भरून पाठविली तर नाव गावाचे आणि नफा दुसऱ्याचा, असे होते. शिजविणे, वाळविणे, पॉलिश करणे, दळणे व मोजून पाकिटे भरणे यांपैकी जितकी कामे गावात होतील, तितका रोजगार गावात राहील.

ग्रामसभेने काय करावे?

१. गावाची आवक-जावक वही ठेवावी. वर्षभरात कोणता माल गावाबाहेर गेला, कोणता बाहेरून आला व त्यास किती पैसे पडले, हे प्रथम लिहून काढावे. जी वस्तू कच्ची जाते व पक्की होऊन परत येते, तिच्यापासून आरंभ करावा.

२. काडीकचरा जाळू नये. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांच्या पद्धतीने सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे, भिंतींस छिद्रे ठेवलेले विटांचे टाके बांधावे. त्यात काडीकचरा, थोडे शेण, चाळलेली माती व पाणी यांचे थर देऊन वरून लिंपावे. साधारण तीन ते चार महिन्यांत उत्तम खत तयार होते.

३. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये. तिच्यावरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. या अळीने २०१७ साली विदर्भात केलेले नुकसान आपल्या स्मरणात असेलच. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून ते खतासाठी किंवा इंधनासाठी वापरावेत.

४. सूर्यपंप, तेलघाणी अथवा हळदीचे यंत्र सामाईक असेल तर त्याची मालकी, दुरुस्तीचा निधी व पाळ्या यांचे नियम यंत्र येण्यापूर्वीच ठरवावेत. यंत्र मोडून पडते त्यापेक्षा भांडणाने बंद पडते, असा अनेकांचा अनुभव आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, गाव दूर असणे ही अडचण खरीच. आणि रस्ता, दवाखाना व शाळा या गोष्टी गावास मिळाल्याच पाहिजेत. परंतु रस्ता झाला म्हणजे गाव सधन झाले असे नव्हे. त्या रस्त्याने माल येतो तसा मातीचा कसही निघून जातो. काय जाऊ द्यावयाचे व काय राखावयाचे, हे ज्या गावाने ठरविले, त्या गावास रस्ता तारक ठरतो. येत्या ग्रामसभेत आवक-जावक वहीचे पहिले पान उघडावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.