संगीतविरोध

संगीतविरोध : संगीताचा मनावर होणारा प्रभाव घातक किंवा निदान संशयास्पद मानून त्याचा त्याग, नियंत्रण अथवा निषेध करणारी विचारसरणी. संगीताविषयीची उदासीनता किंवा त्याच्या आस्वादाची असमर्थता यांहून ती वेगळी होय. तिचे अनेक पुरस्कर्ते स्वतः संगीताचे जाणकार होते आणि काहींना ते अतिशय प्रिय होते. संगीत निरुपयोगी आहे, असा त्यांचा आक्षेप क्वचितच आढळतो. ते विवेकाची संमती न घेता मनाचा ताबा घेते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय. त्यामुळे संगीताच्या सामर्थ्याची गंभीर दखल पुष्कळदा त्याच्या विरोधकांनीच घेतल्याचे दिसते.

पाश्चात्त्य विचार : प्लेटोने (इ. स. पू. सु. ४२८–३४७) रिपब्लिक या संवादात विलाप व शैथिल्य यांना पोषक अशा स्वररचना आदर्श नगरराज्यातून वगळल्या आणि डोरियन व फ्रिजियन या दोनच ठेवल्या. लय व स्वर बालमनात विचारशक्ती जागी होण्यापूर्वीच खोलवर शिरतात, असे तो मानी. संगीताला शिक्षणात मानाचे स्थान देण्याचे आणि त्यावर राज्याचा पहारा ठेवण्याचे त्याचे कारण एकच होते. संत ऑगस्टीनला (३५४–४३०) प्रार्थनागीतातील आशयापेक्षा गायनच मनाला अधिक हलविते, तेव्हा आपण पाप करतो असे वाटे. तथापि दुर्बल मनाला गीतांमुळे भक्तीकडे वळता येते, हेही त्याने मान्य केले. अनेक वाद्ये वाजविणाऱ्या झ्विंग्ली (१४८४–१५३१) या धर्मसुधारकाने झुरिकमधील उपासनेतून संगीत हद्दपार केले. कांटने (१७२४–१८०४) १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेगळा आक्षेप नोंदविला : अत्तराच्या वासाप्रमाणे संगीतही ज्यांना ते नको असते त्यांच्यापर्यंत पोहोचते व शेजाऱ्यांच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण करते. टॉलस्टॉयच्या (१८२८–१९१०) द क्रॉइट्झर सोनाटा या कथेचा नायक संगीताला भयंकर मानतो. कारण ते ऐकणाऱ्याच्या मनात भावना चेतविते, परंतु तिला कृतीची वाट देत नाही. हे मत पात्राच्या तोंडी असले, तरी संगीताने विलक्षण हेलावून जाणाऱ्या लेखकाची स्वतःची अस्वस्थता त्यात उमटली आहे.

भारतीय परंपरा : सामगायनाला पावित्र्य देणाऱ्या परंपरेतच मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्याला नृत्य, गीत व वादन वर्ज्य ठरविले. बौद्ध श्रामणेरालाही अशा करमणुकी निषिद्ध आहेत. लांबविलेल्या गेय स्वरात धर्मवचने म्हणण्याचे पाच दोष विनयपिटकात सांगितले असून, म्हणणारा व ऐकणारे स्वरावरच आसक्त होतात, असा त्यांचा रोख आहे.

या वादाचे दोन्ही पक्ष महाराष्ट्रात खुलताबाद येथे एकत्र आढळतात. चिश्ती संत बुर्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७) हे समा म्हणजे भक्तिगायनाच्या श्रवणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. झैनुद्दीन शिराझी (मृ. १३६९) या विद्वानांचा आरंभी समाला विरोध होता, पुढे ते बुर्हानुद्दीनांचेच शिष्य व उत्तराधिकारी झाले. या झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची (१६१८–१७०७) कबर आहे. औरंगजेबाने १६६८-६९ च्या सुमारास दरबारातील गायन-वादन ऐकणे सोडले. त्यानंतर गायकांनी संगीताची प्रेतयात्रा काढल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी त्याच्या कारकीर्दीत राजपुत्र व सरदार यांच्याकडील संगीत चालू राहिले आणि संगीतावर फार्सी ग्रंथही लिहिले गेले, असे अलीकडील संशोधनातून दिसते. त्याचा त्याग मुख्यत्वे वैयक्तिक धर्माचरणाचा भाग होता.

सत्ता व लोकगीते : निषेधामागे सदैव मनःसंयमाचाच हेतू असतो असे नाही, गीतांतून टिकून राहणाऱ्या जुन्या निष्ठा पुसून टाकण्याचाही असतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या हुकुमान्वये स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या विवाहविधींतील ओव्या व देशी वाद्ये यांवर बंदी घातली. याच चर्चच्या शाळांतून गोव्यात पाश्चात्त्य वृंदगान व व्हायोलिनवादन यांचे शिक्षण मिळत असे. आक्षेप संगीताला नव्हता, तर त्यातील स्मृतीला होता. मुंबईच्या उत्तरेकडील वसई प्रांतही १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्यातील धारावी बेटावरची उत्तन व डोंगरी ही गावे आज मीरा-भाईंदर शहराचा भाग आहेत. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नापूर्वी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याचा ‘उंबराचं पाणी’ हा विधी प्रचलित असून, त्या प्रसंगी बोलीतील मराठी गीते आणि पाश्चात्त्य धर्तीचा बँड ही दोन्ही ऐकू येतात. धर्मांतर आणि परकी अमदानी यांनंतरही विवाहगीतांची मराठी परंपरा येथे टिकून राहिली.

मराठी रंगभूमी : स्वर शब्दाला गिळून टाकतो, हा ऑगस्टीनचा आक्षेप मराठी रंगभूमीवर लौकिक स्वरूपात पुन्हा उभा राहिला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या (१८४३–८५) संगीत शाकुंतलापासून (१८८०) नाट्यपदांना अफाट लोकप्रियता लाभली. ‘वन्समोअर’मुळे पदे पुनःपुन्हा गायली जात, प्रयोग पहाटेपर्यंत लांबत आणि नाट्यप्रसंग जागच्या जागी थांबत. त्यामुळे संगीत नाटकाला समांतर अशी गद्य नाटकाची परंपरा जोमाने वाढली. गो. ग. आगरकरांनी हॅम्लेटचे केलेले विकारविलसित (१८८३) हे रूपांतर शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी गाजविले. कृ. प्र. खाडिलकरांचे (१८७२–१९४८) कीचकवध (१९०७) हे गद्य नाटक त्यातील राजकीय ध्वनितार्थामुळे ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. त्याच खाडिलकरांनी १९११ मध्ये मानापमान हे संगीत नाटक लिहिले आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींमुळे ते अमाप लोकप्रिय झाले. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकात संगीताला प्रसंगानुरूप व मर्यादित स्थान दिले. पदांना आवर घालण्याचा हा प्रयत्न संगीताविषयीच्या तिटकाऱ्यातून नव्हे, तर नाटकातील शब्द ऐकू यावा या आग्रहातून झाला. [⟶ नाट्यसंगीत].

आकाशवाणी : संगीतप्रेमातूनच संगीताचा निषेध कसा उद्भवतो, याचे उदाहरण केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री (१९५२–६२) बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणात आढळते. शास्त्रीय संगीताचे ते निष्ठावंत पुरस्कर्ते होते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते, या भूमिकेतून त्यांच्या काळात आकाशवाणीवरील ती गीते जवळजवळ नाहीशी झाली. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ ही सेवा सुरू होऊन ती गीते पुन्हा प्रसारित होऊ लागली. हार्मोनियमच्या स्थिर स्वरांतून मींड व सूक्ष्म श्रुती निघत नाहीत, या कारणास्तव आकाशवाणीने त्या वाद्यावर १९४० मध्ये घातलेली बंदीही १९७१ मध्ये शिथिल करावी लागली.

मूल्यमापन : या सर्व उदाहरणांत आक्षेपांचे तीन प्रकार आढळतात : संगीत विवेकाला बाजूस सारते, ते शब्दार्थ झाकून टाकते आणि ते न मागता सर्वांपर्यंत पोहोचते. हे तिन्ही संगीताचे स्वभावधर्म असल्यामुळे आक्षेप निराधार म्हणता येत नाहीत. रणवाद्ये, प्रचारगीते व ध्वनिक्षेपक यांचा अनुभव त्यांना दुजोराच देतो. मात्र साधकाने स्वतःपुरता केलेला त्याग आणि सत्तेने इतरांवर लादलेला निषेध यांत मूलभूत फरक आहे. पहिला आत्मसंयमाचा मार्ग ठरतो. दुसऱ्यात ऐकणाऱ्याची विवेकबुद्धी निर्बंध घालणाराच आपल्या हाती घेतो आणि ज्या दोषाबद्दल संगीताला नाकारले, तोच स्वतः करतो.