मोजून आत, मोजून बाहेर

पौड रस्त्याने भूगाव, भुकूम मागे टाकून घाट ओलांडला की पिरंगुट लागतं. आंबेमोहरासाठी नावाजलेल्या मुळशी तालुक्याचा हा भाग आता कारखान्यांचा झालाय. मोटारींच्या सुट्या भागांपासून कोका-कोलाच्या बाटल्या भरणाऱ्या प्रकल्पापर्यंत सगळं इथे आहे. दोन्हीकडच्या मेंटेनन्सवाल्यांच्या हातात पाना तोच, पण काम निराळं.

इंजिनिअरिंग शॉपमध्ये रात्री दोनला अडलेलं मशीन तार गुंडाळून, एमसील थापून सकाळपर्यंत ओढलं, तर फिटरची पाठ थोपटतात. खाण्याच्या लाइनवर तीच तार गुन्हा. तिचा तुकडा पाकिटात गेला तर? म्हणून इथे हत्यारं मोजून आत जातात, मोजून बाहेर येतात. काढलेले नट-बोल्ट ट्रेमध्ये राहतात. लाकडी मुठीचा हातोडा चालत नाही, पुसायला सुटे धागे सोडणारं वेस्टही नाही. सील, गास्केट शक्यतो निळी, कारण त्या रंगाचं अन्न जवळजवळ नाहीच. तुकडा पडला तर डोळ्यांत भरतो. ग्रीससुद्धा चुकून अन्नाला लागलं तरी चालेल अशा खास प्रतीचं.

शेवटी मेटल डिटेक्टर असतोच की, असं बाहेरच्याला वाटतं. गंमत इथेच आहे. डिटेक्टरला लोखंड चटकन कळतं, पितळही बऱ्यापैकी. स्टेनलेस स्टील मात्र सर्वांत अवघड, कारण ते चुंबकाला फारशी दाद देत नाही आणि वीजही बेताचीच वाहून नेतं. अन् अख्खा कारखाना स्टेनलेसचा! म्हणजे हरवण्याची शक्यता ज्या धातूची जास्त, तोच यंत्राला कमी दिसतो. मोजणीला पर्याय नाही तो यामुळे.

दूध किंवा रस वाहणारे पाइप रोज खोलत नाहीत. कॉस्टिक, ॲसिड आणि पाणी आतून फिरवून धुतात. गास्केट जरा तिरकं बसलं की फटीत थेंब अडतो, धुण्यातून सुटतो, तिथे जंतू वाढतात. गळती नसते, आवाज नसतो. आठवड्याने माल आंबल्याची तक्रार येते, तेव्हा फिटरचं नाव कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पावसाळ्यात विजेचा खेळ वेगळाच. याच तालुक्याचं पाणी अडवून 1927 पासून भिऱ्याला वीज तयार होते. इथे मात्र एका झटक्याने लाइन ट्रिप होते. डबाबंद माल शिजवणारा रिटॉर्ट 121 अंशांवर असताना असं झालं, तर जनरेटर लागून दिवे लगेच येतात, पण तापमान आणि वेळेचं गणित मोडलेलं असतं. बॅच बाजूला काढून ठेवावी लागते.

मशीन सुरू झालं तरी लाइन सुरू होत नाही. सफाई, हत्यारांची मोजणी, मग क्वालिटीवाल्याची सही. तोवर प्रॉडक्शनचा माणूस घड्याळ दाखवत उभा. ही सगळी मिनिटं ब्रेकडाऊनच्या खात्यात टाकली, तर फिटर घाई कुठे करणार? दुरुस्ती लवकर उरकत नाही, मोजणी उरकते. रजिस्टरमध्ये दुरुस्ती आणि सफाई-मोजणी असे दोन वेगळे रकाने हवेत, आणि दुसऱ्या रकान्यातली मिनिटं मेंटेनन्सच्या नावावर लागता कामा नयेत.