डिजिटल दूरध्वनी-लाईनची परीक्षा

विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरण्याचा शेवटचा दिवस असावा आणि नेमके त्याच दिवशी पान उघडू नये, दूरध्वनीवर विचारणा करावी तर शब्द तुटावेत, हा अनुभव ग्रामीण शाळांस नवा नाही. अशा वेळी ‘लाईन खराब आहे’ एवढेच कळविले जाते. त्यावरून दोष कोठे व किती, हे समजत नाही. मुदत मात्र निघून जाते व हानी विद्यार्थ्याची होते.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. धारणी तालुक्यातील हरिसाल येथे २०१६ साली डिजिटल गावाचा उपक्रम झाला. तथापि जोडणी मिळणे ही एक गोष्ट व ती निर्दोष राखणे ही दुसरी. त्याकरिता परीक्षा हवी.

डिजिटल लाईनवरून आवाज जसाच्या तसा जात नाही. एका संभाषणाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना शून्य आणि एक या ८ अंकांत मांडला जातो. म्हणजे सेकंदास ६४,००० अंक. केंद्राकेंद्रांतील प्रचलित लाईनवर असे ३२ मार्ग असतात. म्हणजे सेकंदास २०,४८,००० अंक. तिची परीक्षा श्रुतलेखनासारखी असते. एका टोकाचे परीक्षायंत्र ठरावीक अंकमाला पाठविते, दुसरे टोक ती जशी मिळाली तशी परत करते, आणि मूळ मालेशी ताडून चुका मोजल्या जातात. दहा लाखांत एक चूक, हे प्रमाण लहान वाटते. पण या लाईनवर तेवढ्यानेही सेकंदास सुमारे दोन चुका होतात. बोलण्यात त्या खपून जातात. माहितीचा मात्र संपूर्ण संदेश टाकून देऊन पुन्हा मागवावा लागतो.

ही परीक्षा दूरध्वनी केंद्राचे काम होय. शाळेस करता येण्याजोगी परीक्षा ‘पिंग’ या आज्ञेची. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती १९८३ साली रचली. आपण हाक द्यावी, पलीकडून ओ यावी, असा हा प्रकार आहे. विंडोज संगणकावर आज्ञेच्या खिडकीत पिंग हा शब्द रोमन लिपीत लिहून पुढे जोडरेघ व एन, मग १०० आणि शेवटी पत्ता द्यावा. शंभर हाका जातात. किती परत आल्या, किती गहाळ झाल्या व सरासरी किती मिलिसेकंद लागले, हे शेवटी दिसते.

प्रथम शाळेच्या राउटरला हाक द्यावी. त्याचा पत्ता बहुधा त्याच्या तळाशी चिकटविलेला असतो. येथेच हाका गहाळ झाल्यास दोष शाळेतच आहे. तेथे ओ व्यवस्थित येत असेल, तर दूरच्या एखाद्या नेहमी उत्तर देणाऱ्या पत्त्यास हाक द्यावी. आता हाका गहाळ झाल्यास दोष राउटरच्या पलीकडे शोधावा. काही यंत्रे अशा हाकेस मुद्दाम उत्तर देत नाहीत; म्हणून एकाच पत्त्यावर निर्णय करू नये.

वेळेचाही अर्थ लावावा. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमरावती-मुंबई मार्ग सातशे किलोमीटर धरला, तरी जाऊन येण्यास सात मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात थोडे अधिक लागतात. पण तीनशे लागत असतील, तर कारण अंतर नसून लाईनवरील गर्दी किंवा दोष होय.

सकाळ, दुपार व सायंकाळ अशी आठवडाभर परीक्षा करून दिनांक, वेळ, पाऊसपाणी व आकडे वहीत नोंदवावेत. तांब्याच्या तारेवर पावसानंतरच हाका गहाळ होत असल्यास सांध्यात ओल शिरल्याचा संशय घ्यावा. तक्रारीस या नोंदीची प्रत जोडावी. आकड्यांसह केलेली तक्रार टाळणे कठीण जाते. वरच्या वर्गातील मुलांकडून ही नोंद ठेवविल्यास शेकडेवारी व सरासरी यांचा पाठही त्यातच होईल.