समाधि नसलेला वैमानिक

ज्याचा देह सांपडला नाहीं, त्याचा शोक करावयाचा तरी कोठें? अशा प्रसंगीं पळसाची प्रतिमा करून तिला अग्नि देण्याचा विधि आपल्या धर्मशास्त्रांत सांगितला आहे. दुःखालाहि टेकावयास कांहीं जागा लागते, हें जाणूनच तो सांगितला असावा. समुद्रांत नाहींशा झालेल्या रॉबर्ट हॅम्प्टन ग्रे या कॅनडियन वैमानिकाला मात्र अशी जागा ज्यांनीं दिली, त्यांत त्याचे शत्रूहि होते.

ग्रे ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील नेल्सन या लहानशा गांवांत वाढला. वडील जवाहिरे होते. विद्यापीठाचें शिक्षण आटोपून १९४० सालीं तो आरमारांत शिरला व विमान चालवावयास शिकला. धाकटा भाऊ वायुदलांत होता. तो १९४२ मध्यें मारला गेला. त्या एका तारेनंतर दुसरी येऊं नये, असें त्या घरानें किती वेळां म्हटलें असेल!

९ ऑगस्ट १९४५ रोजीं ‘फॉर्मिडेबल’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून ग्रे आपली तुकडी घेऊन निघाला. त्याचें कॉर्सेअर विमान एकट्यानेंच बसावयाचें. पडलें तर जवळ हांक मारावयासहि कोणी नाहीं. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील ओनागावाच्या उपसागरांत जपानी युद्धनौका नांगरून उभ्या होत्या. जहाजावर बाँब नेमका बसवावयाचा तर विमान पाण्याच्या अगदीं जवळ आणावें लागे, आणि तेथें किनाऱ्यावरच्या व जहाजांवरच्या तोफा त्याजवर एकदमच चालत. ग्रेचें विमान पेटलें, तरी त्यानें रोख बदलला नाहीं. त्याच्या बाँबनें ‘अमाकुसा’ ही संरक्षक नौका बुडाली, आणि विमानहि उपसागरांत कोसळलें. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. त्याच दिवशीं नागासाकीवर अणुबाँब पडला, आणि सहाच दिवसांनीं जपाननें शरणागति जाहीर केली. सहा दिवस! शौर्याच्या कथा सांगणारे हा आंकडा भरभर उच्चारून पुढें जातात. नेल्सनमधील त्या आईबापांना तो तसा ओलांडतां आला नसेल.

देह मिळाला नाहीं, विमानहि मिळालें नाहीं. नोव्हेंबरांत त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. नेल्सनजवळच्या एका शिखराला दोघां भावांच्या स्मरणार्थ ग्रे हें नांव मिळालें. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी समाधि नाहीं अशा तीन हजारांहून अधिक जणांचीं नांवें हॅलिफॅक्स येथील स्मारकावर कोरलेलीं आहेत. त्यांत त्याचेंहि आहे. तेथील उंच क्रूस बंदरांत शिरणाऱ्या जहाजांना दुरूनच दिसतो.

हें स्वदेशानें केलें, तें रीतीसच धरून झालें. ओनागावाची गोष्ट निराळी. ‘अमाकुसा’वरील कित्येक खलाशी त्याच पाण्यांत बुडाले होते, आणि त्यांनाहि आईबाप होतेच. तरीहि १९८९ मध्यें, ज्या उपसागरांत ग्रे पडला त्याच्याच कांठच्या टेंकडीवर, जपानी लोकांनीं त्याच्या नांवाचें स्मारक उभारलें. त्यासाठीं झटणाऱ्यांत युद्धकाळीं जपानी आरमारांत असलेले गृहस्थहि होते. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकाला जपानी भूमीवर असा मान क्वचितच लाभला आहे.

११ मार्च २०११ च्या भूकंपांत तें स्मारक कोसळलें. त्या दिवशींच्या सागरलाटेनें ओनागावा गांवच जवळजवळ धुऊन नेलें. आपलींच माणसें शोधण्यांत लोकांचे कित्येक दिवस गेले, आणि पुष्कळांचे देह सांपडलेच नाहींत. गांव पुन्हा उभें करतांना तेथल्या लोकांनीं ग्रेचा दगडहि उचलला, आणि तो इस्पितळाजवळ नेऊन पुन्हा बसविला.