काँक्रीटलाही भरते हुडहुडी!

जबलपूर जिल्ह्यातलं कुंडम म्हणजे हिरन नदीचं माहेर आणि डिंडोरीच्या वाटेवरचा स्टॉप. इथल्या नव्या स्लॅबलाही थंडी बाधते, माहीत आहे का? चला, गारेगार सफर!

९ टक्क्यांचा दणका
पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीट वरून ठणठणीत, पण आत बारीक छिद्रांचं जाळं. रात्री त्यातलं पाणी फुगून ढकलतं, दिवसा वितळून नव्या भेगेत शिरतं. रात्री पुन्हा नवा शो!

व्हिलन कोण?
थंडी नव्हे, पाणी! छिद्रं साधारण ९१ टक्क्यांहून कमी भरलेली असतील, तर बर्फाला हातपाय पसरायला जागा मिळते. म्हणून गच्चीला उतार द्या, पाणी तुंबू देऊ नका. कोरडं काँक्रीट, कूल काँक्रीट!

उणे १६२? नो टेन्शन!
रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) उतरतो, तो असतो उणे १६२ अंशांवर. आणि गंमत म्हणजे इतक्या कडाक्यात काँक्रीटची ताकद उलट वाढते! त्याला खरा त्रास होतो शून्याच्या वर-खाली चाललेल्या रोजच्या झोक्यांचा.

हवा येऊ द्या!
१९३०च्या दशकात अमेरिकेतले काही रस्ते बर्फातही टुकटुकीत राहिले. गुपित काय? सिमेंट दळताना त्यात चरबी, राळ असल्या पदार्थांचा अंश गेला होता आणि काँक्रीटमध्ये बर्फाला जागा देणारे इवलेसे बुडबुडे तयार झाले होते. आज हेच बुडबुडे केमिकल टाकून मुद्दाम करतात. ओल्या, बर्फाळ जागी एम-५० पेक्षा कमी ग्रेडचं काँक्रीट आणि २० मिमी खडी असेल, तर आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं : हवा ५ टक्के, एखादा टक्का इकडे-तिकडे. पण जास्त हवा भरलीत, तर ताकदीचीच हवा जाते!

मिठाला जागू नका
बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. ट्विस्ट ऐका : खूप खारट पाण्यापेक्षा ३ टक्क्यांच्या आसपासचं सौम्य मीठपाणीच जास्त वाट लावतं!

एक कोड, दोन टोकं
आयएस ७८६१चा पहिला भाग ४० अंशांच्या वरच्या कामासाठी, दुसरा ५ अंशांच्या खालच्या. जबलपूरकडचा मे महिना पहिल्या भागाची आठवण हमखास करून देतो, तर जानेवारीतली एखादी पहाट दुसरा भाग उघडायला लावते. एकाच गावात डबल सिलॅबस!

सिमेंटलाही गरम पाणी
थंडीत माल कालवताना खडी-वाळूपेक्षा पाणी तापवणं सोपं. शिवाय तेवढ्याच वजनाच्या खडीपेक्षा पाण्यात चार-पाच पट उष्णता मावते! ओतलेल्या स्लॅबवर रात्री ताडपत्री आणि पेंढ्याचं पांघरूण. सिमेंट पाण्याशी जुळताना स्वतःही ऊब सोडतं, ती उडून जायला नको.

टेकू काढायची घाई?
माहीत आहे का? साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढा, हा नियम पारा १५ अंशांखाली जात नसेल तेव्हाचा! कुंडमच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५च्या रेघेखाली सहज उतरतात. गारठ्यात सिमेंट सावकाश ताकद धरतं, म्हणून टेकू जास्त दिवस हवेत. सेंट्रिंगवाला म्हणाला, ‘सात दिवस झाले, फळ्या दुसऱ्या साइटवर हव्यात’, तर त्याला कॅलेंडर नको, थर्मामीटर दाखवा!